मोठा सीन ८ जीबीच्या कार्डात कसा बसवावा

त्रिमितीय सीन, म्हणजे संगणकात उभे केलेले दृश्य, रेंडर करताना (त्याचे अंतिम चित्र तयार करताना) ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपल्याचा संदेश पडद्यावर आला की नवशिक्याच्या मनात पहिला विचार येतो तो नव्या कार्डाचा. त्या खर्चाआधी काय काय करून पाहावे, हे येथे क्रमाने सांगितले आहे. सोलापुरातील वास्तुविशारदांच्या कचेऱ्यांत, बिल्डरांसाठी वॉकथ्रू करणाऱ्या छोट्या स्टुडिओंत आणि विद्यार्थ्यांच्या घरी बहुतेक वेळा ८ किंवा १२ जीबीचे कार्ड असते, आणि नीट बांधलेला बराच मोठा सीन तेवढ्यात बसतो.

उदाहरणासाठी शेवटपर्यंत एकच सीन घेऊ. सिद्धेश्वर तलाव, त्याच्या मधोमध असलेले मंदिर, जवळचा भुईकोट किल्ला, आणि संक्रांतीच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत होम मैदानावर लागलेली दुकाने, आकाशपाळणे आणि माणसांची दाटी. सॉफ्टवेअर ब्लेंडर आणि त्यातील सायकल्स हा रेंडरर धरला आहे, कारण तो मोफत आहे आणि शिकणाऱ्यांच्या हाती सहज येतो. व्ही-रे, आर्नोल्ड किंवा रेडशिफ्ट वापरणाऱ्यांना बटणांची नावे वेगळी दिसतील. मेमरीचा हिशेब मात्र सारखाच आहे.

पहिली पायरी: कोणती मेमरी संपली ते ओळखणे

फाइल उघडली की त्यातील मेश, म्हणजे त्रिकोण-चौकोनांच्या जाळीने बनलेले वस्तूंचे आकार, संगणकाच्या मुख्य मेमरीत, म्हणजे रॅममध्ये येतात. रेंडर लावला की सायकल्स त्यांच्यावरचे मॉडिफायर (आकार आपोआप बदलणारी साधने) लागू झालेला आकार घेतो, आपल्या सोयीची दुसरी प्रत तयार करतो आणि ती ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत, म्हणजे व्हीरॅममध्ये पाठवतो. त्यामुळे एकाच मंदिराच्या प्रती काही काळ दोन-तीन ठिकाणी नांदत असतात. म्हणूनच रॅम व्हीरॅमच्या निदान दुप्पट असावी, असे माझे मत आहे. १२ जीबीचे कार्ड आणि १६ जीबी रॅम ही जोडी मोठ्या सीनला तोकडी पडते.

लक्षणे वेगवेगळी असतात. व्हीरॅम संपली तर रेंडर थांबतो आणि तसा संदेश येतो. एनव्हिडियाच्या कार्डांवर सायकल्स काही डेटा रॅममध्ये ठेवून काम पुढे रेटू शकतो. अशा वेळी संदेश येत नाही, पण कालपर्यंत ठीक चालणारा सीन चार दुकाने वाढवताच अचानक कित्येक पट मंद होतो. रॅमच संपली तर आधी डिस्कचा दिवा अखंड लुकलुकू लागतो, माउस अडखळतो आणि शेवटी ब्लेंडर काही न सांगता बंद पडतो. या तिसऱ्या प्रकारात नवे कार्ड घेऊन काहीच साधत नाही, रॅम वाढवावी लागते.

दोन कार्डे लावली की मेमरीची बेरीज होते, हा समजही येथेच दूर केलेला बरा. प्रत्येक कार्डाला संपूर्ण सीनची स्वतःची प्रत लागते, म्हणून ८ जीबीची दोन कार्डे वेग वाढवतात, जागा वाढवत नाहीत. एनव्हीलिंक या जोडणीने मेमरी वाटून घेता येते, पण अलीकडच्या सर्वसाधारण कार्डांवर ती सोय उरलेली नाही.

दुसरी पायरी: मोजणे

अंदाजाने काटछाट सुरू केली की हमखास चुकीच्या वस्तूवर कात्री चालते. ब्लेंडरच्या तळाच्या पट्टीवर उजवे बटण दाबून सिस्टिम मेमरी आणि व्हिडिओ मेमरी हे दोन्ही आकडे चालू करावेत. रेंडरच्या खिडकीत वरच्या ओळीत सायकल्सने घेतलेली मेमरी आणि तिचा सर्वोच्च आकडा दिसतो. विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स या भागात कार्डाची ‘डेडिकेटेड’ मेमरी आणि ‘शेअर्ड’ मेमरी वेगळी दाखवलेली असते. रेंडर चालू असताना शेअर्डचा आकडा चढू लागला, तर सीन कार्डाबाहेर सांडू लागला असे समजावे.

मोजण्यापूर्वी जागा मोकळी करावी. ब्राउझर बंद करावा, कारण तोही व्हीरॅम घेतो. व्ह्यूपोर्ट (काम करताना सीन दिसतो ती खिडकी) ‘रेंडर्ड’ स्थितीत ठेवून अंतिम रेंडर लावला तर सीनच्या दोन प्रती कार्डावर चढतात. म्हणून व्ह्यूपोर्ट ‘सॉलिड’वर आणावा आणि रेंडर मेनूतील ‘लॉक इंटरफेस’ चालू करावे. एवढ्या दोन गोष्टींनीच रडतखडत चालणारा सीन मार्गी लागल्याचे अनेकदा दिसते.

आता सीन कलेक्शनमध्ये, म्हणजे वस्तूंच्या गटांत, विभागावा: मंदिर, तलाव, किल्ला, दुकाने, माणसे, झाडे. एकेक कलेक्शन रेंडरमधून वगळावे, एका सॅम्पलवर (दर पिक्सेलला एकदाच किरण सोडून) रेंडर लावावा आणि आकडा कागदावर उतरवावा. एक सॅम्पल पुरतो, कारण सॅम्पलच्या संख्येने वेळ बदलतो, मेमरी बदलत नाही. मेमरी संपली म्हणून सॅम्पल ४०९६ वरून २५६ वर आणणारे नवशिके पुष्कळ भेटतात आणि संदेश तसाच येत राहिल्यावर गोंधळतात. चित्राचा छोटा भागच रेंडर केला तरी फारसा फरक पडत नाही, कारण प्रकाशकिरण परतून कोठेही जाऊ शकतो आणि त्यासाठी अख्खा सीन कार्डावर असावाच लागतो.

कागदावरची यादी पूर्ण झाली की बहुतेक वेळा एखाद-दुसऱ्या कलेक्शननेच निम्म्याहून अधिक जागा खाल्लेली दिसते. पुढच्या पायऱ्या त्याच कलेक्शनवर आधी वापराव्यात.

तिसरी पायरी: टेक्स्चर

टेक्स्चर म्हणजे वस्तूच्या पृष्ठभागावर चढवलेले चित्र. माझ्या पाहण्यात सर्वाधिक मेमरी येथेच वाया जाते. जेपेग फाइल डिस्कवर ३ एमबीची दिसते म्हणून ती हलकी वाटते. पण घडी घातलेली चादर कपाटाच्या एका कप्प्यात मावली तरी अंथरायला तिला पूर्ण पलंग लागतो. रेंडरर प्रत्येक चित्र उलगडून, पिक्सेल न पिक्सेल मांडून ठेवतो. ४०९६ गुणिले ४०९६ आकाराच्या चित्रात १,६७,७७,२१६ पिक्सेल असतात. प्रत्येकाला लाल, हिरवा, निळा आणि अल्फा असे चार बाइट धरले तर ६४ एमबी होतात, मग फाइल डिस्कवर कितीही लहान असो. तेच चित्र ८१९२ चे केले तर २५६ एमबी. प्रति चॅनल १६ बिटचे असेल तर याच्या दुप्पट, आणि ३२ बिटचे असेल तर चौपट.

एका मटेरियलला रंग, खडबडीतपणा, नॉर्मल (उंचसखलपणाचा आभास देणारे) आणि डिस्प्लेसमेंट (पृष्ठभाग खरोखर उंचसखल करणारे) अशी चार चित्रे लागतात. सगळी ४के (४०९६ ची) आणि चार चॅनलची असतील तर एका मटेरियलचे २५६ एमबी झाले, आणि अशा ३२ मटेरियलांत ८ जीबी संपतात. मेशसाठी काहीच उरत नाही. गड्ड्यातील प्रत्येक दुकानाच्या कापडाला, फळीला, पत्र्याला संकेतस्थळांवरून उतरवलेले ४के संच लावत गेले की ३२ चा आकडा कधी ओलांडला ते कळतही नाही.

उपाय चित्रचौकटीतील आकारावरून ठरवावा. समजा एका दुकानात सोलापुरी चादरी टांगलेल्या आहेत आणि अंतिम १९२० रुंदीच्या चित्रात एक चादर ३०० पिक्सेल रुंद दिसते. तिला ५१२ चे टेक्स्चर भरपूर झाले. अगदी हात सैल सोडला तरी १०२४. त्यापुढचे पिक्सेल कार्डावर बसून राहतात, प्रेक्षकाला दिसत नाहीत. ४०९६ वरून १०२४ वर आले की जागा सोळा पटींनी कमी होते. शिवाय जॅकार्डवर विणलेल्या चादरीची नक्षी मुळातच ठरावीक अंतराने पुन्हा येते, त्यामुळे संपूर्ण चादरीचा फोटो लावण्याऐवजी नक्षीचा एकच ठसा कापून घ्यावा आणि मॅपिंग नोडमधून (नोड म्हणजे मटेरियल बांधताना जोडायची पेटी) तो हवा तितक्या वेळा पुन्हा उमटवावा. किनार वेगळी असते, तिच्यासाठी दुसरी छोटी पट्टी लावावी. असे केल्यावर अगदी कॅमेऱ्याजवळच्या चादरीलाही धाग्यांपर्यंतचा तपशील थोड्या मेमरीत मिळतो.

प्रत्येक चित्र हाताने लहान करण्यापूर्वी रेंडर प्रॉपर्टीजमधील ‘सिम्प्लिफाय’ चालू करून ‘टेक्स्चर लिमिट’ २०४८ वर ठेवून पाहावे. मूळ फाइलला धक्का न लावता सर्व चित्रे त्या मर्यादेत येतात. ही मर्यादा सरसकट लागू होते हा तिचा दोष आहे: मंदिराच्या दर्शनी भागावरचे मोठे चित्रही त्यात लहान होते. म्हणून चाचणीसाठी मर्यादा वापरावी आणि अंतिम कामात दूरच्या वस्तूंची चित्रे खरोखर लहान करून ठेवावीत. खडबडीतपणाची चित्रे रंगीत साठवू नयेत. एकाच चॅनलचे राखाडी चित्र चौथाई जागेत बसते.

आकाशासाठी वापरलेले एचडीआरआय (सीनला प्रकाशही देणारे सभोवतालचे चित्र) नेहमी विसरले जाते. ८के एचडीआरआय ८१९२ गुणिले ४०९६ चे असते आणि ३२ बिट फ्लोटमध्ये त्याला ५१२ एमबी लागतात. १६के असेल तर २ जीबी. जानेवारीतील सोलापूरचे निरभ्र आकाश हवे असेल तर ब्लेंडरमधील ‘स्काय टेक्स्चर’ नोडने सूर्याची उंची ठरवून ते जवळजवळ फुकटात मिळते. तलावाच्या पाण्यात ढगांचे प्रतिबिंब हवेच असेल तर २के किंवा ४के एचडीआरआय पुरते, कारण लाटांनी ते तसेही विस्कटणारच असते.

चौथी पायरी: गर्दीची एकच प्रत

होम मैदानावर २,००० माणसे उभी करायची आहेत आणि प्रत्येक माणूस ५०,००० त्रिकोणांचा आहे असे धरू. सगळी स्वतंत्र ठेवली तर १० कोटी त्रिकोण होतात. नुसती शिरोबिंदूंची स्थाने आणि त्रिकोणांची जोडणी यांनाच दीड जीबीहून अधिक जागा लागते. त्यावर नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा), यूव्ही (टेक्स्चर कोठे बसते त्याची नोंद) आणि किरणांचा वेध घेण्यासाठी रेंडरर बांधतो ती बीव्हीएच रचना धरली, की आकडा याच्या कित्येक पट होतो. तेच ८ नमुने करून त्यांचे २,००० इन्स्टन्स (मूळ मेशच वापरणाऱ्या प्रती) पसरले तर कार्डावर ४ लाख त्रिकोण जातात. प्रत्येक इन्स्टन्ससाठी फक्त जागा, वळण आणि आकार यांची नोंद लागते, म्हणजे काहीशे बाइट.

पांढरी बाराबंदी घातलेले नंदीध्वजांमागचे (यात्रेत मिरवल्या जाणाऱ्या उंच काठ्यांमागचे) भाविक तर यासाठी अगदी सोयीचे आहेत. सर्वांचा पोशाख एक असल्याने पाच-सहा नमुने वेगवेगळ्या कोनांत वळवले आणि उंची थोडी कमी-जास्त केली तरी पुनरावृत्ती डोळ्यांना जाणवत नाही. सात नंदीध्वज मात्र प्रेक्षक नीट पाहणार, म्हणून काठीचे मॉडेल एकच ठेवून त्यांच्यावरील सजावट तेवढी स्वतंत्र करावी.

वॉल्ट डिस्ने अ‍ॅनिमेशन स्टुडिओजने २०१८ साली अभ्यासकांसाठी एका बेटाचा संपूर्ण सीन खुला केला. त्यात पृष्ठभागाचे स्वतंत्र तुकडे ९ कोटींच्या वर आहेत, पण २.८ कोटींहून अधिक इन्स्टन्स उलगडून मोजले तर एकूण आकडा १,५०० कोटींच्या पुढे जातो. ८ जीबीचे कार्ड घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याला आणि त्या स्टुडिओला ही युक्ती सारखीच लागू पडते.

ब्लेंडरमध्ये येथे तीन खड्डे आहेत. पहिला असा की, शिफ्ट आणि डी दाबून केलेली प्रत साधारणपणे मेशची नवी नक्कल करते, तर ऑल्ट आणि डी दाबून केलेली प्रत तोच मेश वापरते. आधीच नकला झाल्या असतील तर सर्व वस्तू निवडून, मूळ वस्तू शेवटी निवडून, कंट्रोल आणि एल दाबावे आणि ‘लिंक ऑब्जेक्ट डेटा’ घ्यावे. दुसरा खड्डा जाणकारांनाही फसवतो: मेश एकच असला, पण प्रत्येक वस्तूवर सबडिव्हिजनसारखा (पृष्ठभाग बारीक तुकड्यांत विभागणारा) मॉडिफायर स्वतंत्रपणे लावलेला असला, तर सायकल्स प्रत्येकीचा मेश वेगळा धरतो आणि वाचवलेली मेमरी परत जाते. अशा वेळी मॉडिफायर आधी लागू करून मेश पक्का करावा, किंवा वस्तू एका कलेक्शनमध्ये ठेवून त्या कलेक्शनचे इन्स्टन्स पसरावेत. तिसरा खड्डा जिओमेट्री नोड्समधील ‘रिअलाइझ इन्स्टन्सेस’ हा नोड. कोणीतरी दुसऱ्याच कारणासाठी तो जोडून ठेवतो आणि सगळी गर्दी पुन्हा खरीखुरी मेश होऊन बसते. माणसांच्या कलेक्शनचा आकडा अनाकलनीय मोठा दिसला तर आधी हा नोड शोधावा.

झाडांचेही असेच. पूर्ण पानांचे कडुलिंबाचे एक झाड १० लाख त्रिकोणांचे असले तरी हरकत नाही, तीन-चार झाडेच वळवून-वळवून सर्वत्र लावावीत.

पाचवी पायरी: वाजवीपेक्षा बारीक मेश

सबडिव्हिजनची प्रत्येक पातळी पृष्ठभागांची संख्या चौपट करते. १०,००० पृष्ठभागांची वस्तू तिसऱ्या पातळीवर ६.४ लाखांची होते आणि पाचव्या पातळीवर १ कोटी २ लाखांच्या वर जाते. व्ह्यूपोर्टमध्ये पातळी १ आणि रेंडरमध्ये ५ ठेवलेली असल्याने काम करताना हे जाणवत नाही. रेंडर लावल्यावरच कार्ड भरते. सिम्प्लिफायमध्ये रेंडरसाठी कमाल पातळी २ ठेवून फरक पाहावा. आकाशपाळण्याच्या गोल नळ्या कॅमेऱ्यापासून दूर असतील तर दोनही जास्त होते.

मंदिराच्या आणि किल्ल्याच्या दगडासाठी खरे डिस्प्लेसमेंट मोह घालते. अ‍ॅडॅप्टिव्ह सबडिव्हिजन (चित्रात दिसते त्या मानाने पृष्ठभाग बारीक करणारी पद्धत) वापरत असाल तर ‘डायसिंग रेट’, म्हणजे तुकड्याचा आकार, १ पिक्सेलवरून २ पिक्सेल केला की बारीक तुकड्यांची संख्या साधारण चौथाईवर येते आणि दगडावर डोळ्याला फारसा फरक दिसत नाही. ही पद्धत चित्राच्या आकारावर अवलंबून असते, म्हणून दुसऱ्या पायरीतील मोजणी निम्म्या आकाराच्या चित्रावर केली असेल, तर येथे तो आकडा फसवा ठरतो. मोजणी पूर्ण आकारावरच करावी. भुईकोट किल्ल्याची तटबंदी पार्श्वभूमीला असेल तर डिस्प्लेसमेंट सोडून नॉर्मल मॅपवर भागवावे. फक्त तटाची वरची कड आकाशावर उमटते, तेथे खरा आकार द्यावा. तलावाच्या पृष्ठभागासाठी ओशन मॉडिफायर लावण्याचे कारण नाही. सपाट पातळ पृष्ठभाग आणि नॉइज नोडवर चालणारा बम्प एवढ्यात शांत पाणी तयार होते.

धुके, धूर आणि दारूकाम

व्हॉल्यूमचा, म्हणजे धूर-धुक्यासारख्या जागा भरणाऱ्या गोष्टींचा, हिशेब तिन्ही दिशांनी वाढतो. ५१२ च्या घनात सुमारे १३.४ कोटी घनबिंदू असतात आणि प्रत्येकाला ४ बाइट धरले तर ५१२ एमबी. बारकावा दुप्पट केला की आठ पट, म्हणजे ४ जीबी. ओपनव्हीडीबी ही साठवणीची पद्धत रिकाम्या जागा वगळते म्हणून प्रत्यक्ष आकडा कमी येतो, तरी सावध राहावे. तलावावरचे सकाळचे धुके एकसमान घनतेच्या पेटीने करावे, त्याला मेमरी जवळपास लागतच नाही. शोभेच्या दारूकामाचा धूर वेगळा रेंडर करून नंतर जोडणे हेच शहाणपणाचे.

सहावी पायरी: सीनचे तुकडे करणे

वरचे सर्व करूनही सीन मावत नसेल तरच हा मार्ग घ्यावा, कारण त्यात हातकाम वाढते. व्ह्यू लेअर करून एका थरात मंदिर आणि तलाव, दुसऱ्या थरात दुकाने आणि गर्दी, तिसऱ्यात दूरचा किल्ला आणि झाडे ठेवावीत. थर एकामागून एक रेंडर होतात आणि ज्या थरातून कलेक्शन वगळले आहे, त्या थराच्या वेळी ते कार्डावर जात नाही. पुढच्या वस्तूंमागचा भाग अचूक कापला जावा म्हणून त्यांना ‘होल्डआउट’ करता येते. अडचण येते ती सावल्या आणि प्रतिबिंबांची: गर्दी वेगळ्या थरात गेली की तिचे प्रतिबिंब तलावात पडत नाही. यासाठी पाण्याच्या थरात माणसांच्या जागी अगदी कमी त्रिकोणांचे साधे पुतळे ठेवावेत, ते कॅमेऱ्याला अदृश्य करावेत आणि प्रतिबिंबापुरते दिसू द्यावेत. हलत्या पाण्यात तो फरक ओळखू येत नाही.

कॅमेऱ्यामागच्या वस्तू काढून टाकण्यासाठी सिम्प्लिफायमध्ये ‘कॅमेरा कलिंग’ आहे, पण ते प्रत्येक वस्तूच्या गुणधर्मांतही चालू करावे लागते, हे लक्षात ठेवावे. कॅमेऱ्यामागची भिंत सावली टाकत असेल तर तिला हात लावू नये.

चित्राच्या आकाराचाही भार असतो, फक्त तो इतरांच्या मानाने लहान असतो. ३८४० गुणिले २१६० च्या चित्राचा एक चार चॅनलचा फ्लोट पास (रेंडरमधून वेगळा काढलेला घटक) सुमारे १३३ एमबी घेतो. गरज नसताना दहा पास आणि क्रिप्टोमॅट (वस्तू नंतर वेगळ्या निवडता याव्यात म्हणून काढलेले पास) चालू ठेवले की एक जीबीहून अधिक जागा गेली. मोठ्या छपाईच्या फलकासाठी टाइलिंग (चित्र तुकड्या-तुकड्यांनी रेंडर करणे) चालू ठेवावे, म्हणजे पूर्ण झालेले तुकडे डिस्कवर जातात. ‘पर्सिस्टंट डेटा’ हा पर्याय अ‍ॅनिमेशनचा वेळ वाचवतो, पण मेमरी धरून ठेवतो. कमतरता असेल तेव्हा तो बंदच असावा.

शेवटचा पर्याय आणि रात्रीचा रेंडर

काहीच जमले नाही तर सायकल्स सीपीयूवर चालवावा. तेथे रॅम हीच मर्यादा असते, आणि ३२ जीबी रॅम वाढवणे तेवढ्या मेमरीच्या कार्डापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. एखाद-दुसऱ्या स्थिरचित्रासाठी रात्रभराचा सीपीयू रेंडर हा मला नवे कार्ड घेण्यापेक्षा योग्य सौदा वाटतो. तीन मिनिटांच्या वॉकथ्रूसाठी मात्र तो परवडत नाही.

लांबचे अ‍ॅनिमेशन ब्लेंडरची खिडकी न उघडता कमांड लाइनवरून लावावे, त्यात इंटरफेस आणि व्ह्यूपोर्टची मेमरी वाचते. थेट व्हिडिओ फाइल करू नये. प्रत्येक फ्रेम स्वतंत्र पीएनजी किंवा ईएक्सआर म्हणून साठवावी. मेमरीमुळे रेंडर मध्येच कोसळला किंवा वीज गेली, तर झालेल्या फ्रेम हातात राहतात. आउटपुटमध्ये ‘ओव्हरराइट’ बंद आणि ‘प्लेसहोल्डर्स’ चालू ठेवले की पुन्हा लावलेला रेंडर राहिलेल्या फ्रेमपासूनच पुढे जातो. कोसळताना जी फ्रेम चालू होती तिची शून्य बाइटची रिकामी फाइल फोल्डरमध्ये पडलेली असते आणि ब्लेंडर तिला झालेली फ्रेम समजून ओलांडतो. म्हणून पुन्हा रेंडर लावण्यापूर्वी फोल्डर आकारानुसार लावून शून्य बाइटच्या फाइली काढून टाकाव्यात.